विसार देण्याआधी घराची तपासणी: वडगाव बुद्रुकमधल्या जुन्या फ्लॅटचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सिंहगड रोडला, वडगाव बुद्रुकमध्ये एक जुना टू बीएचके बघितला. इमारत २००४ सालची, दोन विंग मिळून २४ फ्लॅट, तीन मजले, लिफ्ट नाही. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. मागितलेली किंमत ६२ लाख. लेकीची शाळा चालत दहा मिनिटांवर, खिडकीतून समोर आंब्याचं झाड. नऊ वर्षांत चार भाड्याची घरं बदलून झाली होती, त्यामुळे पहिल्या भेटीतच माझं मन तिथे बसलं होतं. विसाराचा, म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ द्यायचा, एक लाखाचा चेक लिहून पर्समध्ये ठेवलेला होता.

नवऱ्याने अडवलं. तो चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बाहेरून आलेला माल आम्ही आधी तपासतो आणि मगच आत घेतो. एकदा आत घेतला की पुरवठादार फोन उचलत नाही. त्याने पुण्यातल्याच एका होम इन्स्पेक्शनवाल्यांना बोलावलं. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण मला लिहायचंय ते या सेवेबद्दल: ती घेतल्यावर हातात नेमकं काय येतं, आणि जे येतं त्याचं पुढे करायचं काय. दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला.

फी ७,५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. एक सिव्हिल इंजिनिअर आणि त्यांच्यासोबत एक मुलगा, असे दोघं आले आणि साडेतीन तास होते. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, मुद्दाम बार्शीहून आले होते. त्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. घरमालक काका आणि एजंटही होते. काकांना हे सगळं आवडलेलं नव्हतं, तरी त्यांनी चहा केला, खुर्च्या मांडल्या. त्यांचा वागण्यातला भलेपणा मी शेवटपर्यंत विसरले नाही, आणि पुढच्या बोलण्यात त्याचा उपयोगही झाला.

इंजिनिअरांनी आधी लेझरने मापं घेतली, मग फरशी ठोकायला लागले. लांब दांडीच्या टोकाला छोटा गोळा असतो, तो टाइलवर टेकवत न्यायचा. भरीव टाइल टणटण वाजते, खाली पोकळी असली की आवाज बसका येतो. हॉलमध्ये सात टाइल पोकळ निघाल्या. मग प्रत्येक सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा टेस्टर घातला. स्वयंपाकघरातल्या तिन्ही सॉकेटना अर्थिंग नव्हतं, म्हणजे फ्रिज, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर, सगळं त्याच्यावर चालत होतं. मेन बोर्डात एमसीबी होते, पण गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी नव्हता. इंजिनिअरांनी फरक सांगितला तो मला नवा होता: एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. बाथरूममध्ये गॅस गिझर होता आणि वरची हवेची जाळी कुणीतरी पत्रा ठोकून बंद केलेली होती. तिथे ते थांबले आणि काकांकडे वळून म्हणाले, "काका, घर विका नाहीतर ठेवा, पण आज रात्रीपासून हा गिझर दार लावून वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो." काकांनी आमच्यासमोरच त्याचा कॉक बंद केला. फीचे पैसे माझ्या दृष्टीने तिथेच वसूल झाले होते.

मग बेडरूम. अप्पा दाराशीच उभे राहिले होते. मला हळूच म्हणाले, "पोरी, तीन भिंतींचा रंग जुना आन् हीच येक नवी का?" माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. पश्चिमेची, पावसाच्या अंगाची भिंत तेवढी नव्या रंगाची होती. अप्पांनी उलटा हात भिंतीला लावला, खिडकीखालून सुरुवात करून वर स्लॅबपर्यंत, वीतवीत अंतराने. दोन ठिकाणी हात थांबला. मग इंजिनिअरांनी थर्मल कॅमेरा काढला. पडद्यावर सगळी भिंत पिवळट, आणि अप्पांचा हात जिथे थांबला होता नेमकी तिथे निळी जांभळी डागळ: एक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि एक वर, भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे, हातभर लांब. इंजिनिअरांनी अप्पांना कॅमेरा हातात दिला आणि कसं बघायचं ते समजावलं. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, गारवा दिसतो. ओली जागा वाळत असते म्हणून आजूबाजूपेक्षा गार असते. गारव्याला दुसरीही कारणं असू शकतात, म्हणून नंतर दोन सुयांचा मॉइश्चर मीटर टोचून खात्री करायची. कोरड्या भिंतीवर आकडा १२ च्या आसपास, डागळीवर ३१. तो आकडा मुळात लाकडासाठी आखलेला असतो, प्लास्टरवर फक्त तुलनेसाठी धरायचा, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. जो माणूस आपल्या यंत्राची मर्यादा स्वतः सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

बाथरूमच्या मागच्या भिंतीला, म्हणजे दुसऱ्या बेडरूमच्या बाजूने, स्कर्टिंगच्या वर पांढरा क्षार फुटलेला होता आणि बोट लावलं की लांबीचे (पुट्टीचे) पोपडे गळत होते. इंजिनिअर म्हणाले, पाणी न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, आजूबाजूला मुरत असावं, पण फोडल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, आणि आम्ही काही फोडत नाही. अप्पा म्हणाले, फोडायचं कशाला, खाली जाऊन बघू. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी दार उघडलं आणि कारण ऐकताच काही न बोलता सरळ बाथरूममध्ये घेऊन गेल्या. वर पीओपीचा एक तुकडा काढलेला, आत स्लॅबला काळपट ओल आणि खाली माळ्यावर प्लास्टिकचा ट्रे ठेवलेला. ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. "तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "काका चांगले आहेत हो, पण एकटे आहेत, त्यांच्याच्याने आता होत नाही."

त्या ट्रेकडे बघून मला पहिल्यांदा नीट कळलं की घर घेतलं असतं तर ते तीन वर्षांचं भांडण आमच्या नावावर चढलं असतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने स्वखर्चाने काढायची असते. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती ज्याची त्याने. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत इमारतीच्या गच्चीतून येणारी ओल आणि बाथरूमची ओल, दोन्ही एकाच घरात, पण दोघींचे धनी वेगळे.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. ४६ पानं, पूर्ण इंग्रजी, ४३ त्रुटी, प्रत्येकीचा फोटो आणि त्यावर लाल गोल. दाराचा स्टॉपर सैल, लाल गोल. बाहेरच्या छज्जाच्या खालचं काँक्रीट सुटून गंजलेली सळई उघडी पडलेली, तेवढाच लाल गोल. दोन्हींसमोर शेरा ‘मध्यम’. दुरुस्तीला अंदाजे खर्च किती, हे कुठेच नाही. कोणी करायची, मालकाने की सोसायटीने, तेही नाही. रिपोर्ट वाचून मी त्या रात्री रडले. मला वाटलं, घर पडायला आलंय आणि आपण मूर्खासारखे त्याच्या प्रेमात पडलो होतो. एजंटचा फोन आला तो त्याच रात्री: "मॅडम, जुन्या घरात एवढं बघत बसलात तर घर मिळायचं नाही. दुसरी पार्टी उभी आहे."

अप्पांना इंग्रजी येत नाही. मी एकेक फोटो दाखवून वाचून दाखवत होते आणि ते एकेका फोटोवर फक्त दोनच शब्द बोलत होते, "व्हईल" किंवा "जपून". ४३ पैकी ३० च्या वर "व्हईल". नवरा वहीत लिहीत होता. त्यांच्या कारखान्यात दोष तीन प्रकारचे मानतात, क्रिटिकल, मेजर, मायनर, तसे त्याने तीन रकाने पाडले, आणि मी चौथा जोडला: कोणाचा? ही विभागणी रिपोर्टमध्येच असायला हवी होती. घर पहिल्यांदा घेणाऱ्याला फोटो वाचता येत नाहीत, त्याला प्रत्येक गोष्ट सारखीच भयंकर दिसते. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांना फोन केला, त्यांनी अर्धा तास शांतपणे बोलून आमच्या वहीतली एक गोष्ट बदलली: छज्जाची सळई आम्ही ‘मेजर’मध्ये टाकली होती, ती त्यांनी ‘क्रिटिकल’ करायला लावली, कारण सुटलेला तुकडा खाली कोणाच्याही डोक्यात पडू शकतो. हा अर्धा तास त्यांच्या पॅकेजमध्ये लिहिलेलाच नाही, विचारलं तर मिळतो. मी सांगेन, विचाराच.

रिपोर्टमध्ये जे नव्हतं ते आम्हाला कागदांत सापडलं. लेझरच्या मापात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ६३८ चौरस फूट भरलं, काकांनी ६४० सांगितलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण वकिलांनी मंजूर नकाशा मागवला तेव्हा दिसलं की हॉलला लागून असलेली फ्लॅटचीच ५४ चौरस फुटांची छोटी गच्ची भिंत घालून आत घेतलेली आहे. मंजूर कार्पेट ५८४. तपासणीवाले फक्त दिसतं ते बघतात, कागद बघत नाहीत. हे त्यांच्या अटींत लिहिलेलं होतं, आमचंच लक्ष नव्हतं. बँकेचा माणूस येऊन गेला तो पंधरा मिनिटांत, आणि त्यानेही मंजूर क्षेत्रच धरलं. बँकेच्या मूल्यांकनावर कोणी भरवसा ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. ते बँकेचं कर्ज बुडू नये म्हणून असतं, तुमच्या बाथरूममध्ये कोणी वाकून बघत नाही.

आता वाटाघाटी. आमचा पहिला विचार सरळ होता, सगळा खर्च मोजायचा आणि तेवढी किंमत कमी करायला सांगायची. मी गणित शिकवते, म्हणून वहीवर मांडून बघितलं आणि चूक लक्षात आली. आमच्या कर्जाच्या गटात, म्हणजे ३० ते ७५ लाखांत, बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. किंमत दीड लाखाने उतरली तर कर्ज १,२०,००० ने उतरतं आणि आमच्या खिशातले वाचतात फक्त ३०,०००. बाथरूम फोडायला मात्र रोख लागते, तीही राहायला जाण्याआधी, जेव्हा मुद्रांक शुल्क, नोंदणी, सामान हलवणं सगळं एकदम अंगावर आलेलं असतं. म्हणून जे काम लगेच करायला हवं ते काकांकडून करून घ्यायचं, आणि जे सावकाश होईल त्याचे पैसे किमतीतून वळते करायचे, असं ठरवलं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

काकांकडे आम्ही रिपोर्ट घेऊन गेलोच नाही. एक पान नेलं, मराठीत लिहिलेलं, चार ओळींचं. काका वाचून दुखावले. "वीस वर्षं राहिलो आम्ही इथे. ही गेली ती याच घरातून. घर वाईट असतं तर राहिलो असतो का?" नवरा काही बोलणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, "घर वाईट न्हाई. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग म्हातारं झालंय, ते कुणाच्याबी घरात व्हतं. कोबा फोडून नवा घालू, मी सोता उभा राहतो." काका थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी खालच्या ताईंचं विचारलं, त्या रागावल्यात का. तिथून बोलणं सोपं झालं.

ठरलं ते असं. बाथरूम आणि संडासचं काम खरेदीखताच्या आधी, आम्ही निवडलेल्या मिस्त्रीकडून, ७२,००० रुपये काकांनी थेट त्याला द्यायचे. गॅस गिझर काढायचा, जाळी उघडायची. वायरिंग आणि आत घेतलेल्या गच्चीपोटी किंमत ६२ लाखांवरून साडेसाठ लाखांवर. आणि हे सगळं साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, तारखांसह लिहायचं. वकिलांनी शेवटच्या रकमेतले ५०,००० पाण्याची चाचणी पास होईपर्यंत राखून ठेवायची अट घातली. विसार या सगळ्यानंतर दिला. आधी दिला असता तर आमचं बोलणं कोणी इतक्या शांतपणे ऐकून घेतलं नसतं, याची मला खात्री आहे. एजंटची ‘दुसरी पार्टी’ पुन्हा कधी ऐकू आली नाही.

इमारतीवरच्या गच्चीचा आणि छज्जाचा प्रश्न सोसायटीकडे. सेक्रेटरींना सभेची इतिवृत्तं दाखवायची विनंती केली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मागच्या वर्षीच झाला होता, खर्च ४,८०,०००, प्रत्येक फ्लॅटला २०,०००, आणि वर्गणी निम्मीच गोळा झालेली. काकांनी त्यांचा वाटा भरून थकबाकी नसल्याचा दाखला दिला. दुसरी गोष्ट, पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं, इथे ते एकदाही झालेलं नव्हतं. होम इन्स्पेक्शन म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे, हे रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलंय आणि ते खरं आहे: त्यांनी कॉलम, बीम डोळ्यांनी बघितले, काँक्रीटची ताकद मोजली नाही. सोसायटीने ऑडिटसाठी आता दरपत्रकं मागवली आहेत. ते काम अजून झालेलं नाही, आणि तेवढी काळजी मनात आहेच.

नवीन इमारतीत घर घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीला ताबा मिळून दोन वर्षंही झाली नव्हती तर खिडकीतून पाणी यायला लागलं. तिने रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याच्या कलम १४ चा हवाला देऊन ईमेल केला: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. करून मिळालं. आमच्यासारख्या २००४ च्या घराला ते दार बंद, म्हणून विसाराआधीची तपासणी जुन्या घराला जास्त गरजेची. आणि ती पावसाळ्यातच करावी. मे महिन्यात आलो असतो तर ती भिंत कोरडी ठणठणीत सापडली असती आणि नव्या रंगाचं कौतुक करून आम्ही परत गेलो असतो.

ऑक्टोबरमध्ये बाथरूम फोडलं. अप्पा आठ दिवस आमच्याकडे राहून रोज जायचे. जुन्या कोब्यात, म्हणजे टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात, न्हाणी ट्रॅपच्या कडेला बोट जाईल एवढी फट निघाली. नवा कोबा, कडेने वाटा (भिंत आणि जमिनीच्या सांध्यात सिमेंटची गोलाई), ट्रॅपभोवती दोनदा लेप. टाइल बसवायच्या आधी ट्रॅपला कापडाचा बोळा आणि वाळूची पिशवी घालून चार बोटं पाणी भरलं आणि अट्ठेचाळीस तास तसंच ठेवलं. अप्पांनी पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो, काकासुद्धा. पाणी रेघेला टेकलेलं होतं. खालच्या ताईंनी वर येऊन तो रिकामा ट्रे दाखवला.

तपासणीवाल्यांची दुसरी फेरी हवी असेल तर २,००० रुपये वेगळे पडतात. आम्ही घेतली, डिसेंबरच्या सुरुवातीला. क्षार फुटलेल्या भिंतीवर आकडा १४ आला. पश्चिमेच्या भिंतीवर अजून २२, कारण गच्चीचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. इंजिनिअरांनी सांगितलंय की त्या भिंतीला पुढचा पावसाळा जाईपर्यंत रंग द्यायचा नाही. त्यामुळे बेडरूमची ती एक भिंत आम्ही प्लास्टरपर्यंत खरवडून तशीच ठेवली आहे, आणि लेकीने तिथे खडूने आंब्याचं झाड काढलंय.